युद्धकाळातल्या निर्यातीतला गैरव्यवहार कसा शोधतात? नाशिकहून वारंवार येणारे प्रश्न

बँकेच्या परकीय चलन विभागातली नोकरी संपल्यावर मी अंबड-सातपूरच्या छोट्या निर्यातदारांचे कागद तपासून देतो आणि अधूनमधून पत्रकारितेच्या मुलांपुढे बोलतो. बोलण्याचा विषय बहुतेक वेळा एकच असतो: लढाईत किंवा निर्बंधांत सापडलेल्या देशाशी धंदा करताना कंपन्या लाच कशी देतात आणि ती उघडी कशी पडते. त्यावर आलेले प्रश्न इथे जमतील तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. हा कायदेशीर सल्ला नव्हे. हातात नोटीस असेल तर हे वाचत बसू नका, वकील गाठा.

१. तुम्ही दर वेळी ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ हेच प्रकरण सांगता. ते थोडक्यात काय होतं?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला आणि चारच दिवसांत सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ करून इराकचा व्यापार बंद पाडला. सामान्य इराकी माणसाची उपासमार होऊ लागली तेव्हा १९९५ च्या ठराव ९८६ मधून एक वाट काढली गेली. इराकने तेल विकावं, पण पैसा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या बँक खात्यात जमा व्हावा आणि अन्न-औषधं पुरवणाऱ्यांना तिथूनच मिळावा. डिसेंबर १९९६ मध्ये तेल निघालं आणि २००३ पर्यंत सुमारे ६४ अब्ज डॉलरचं विकलं गेलं.

सद्दाम हुसेनच्या सरकारच्या हाती रोकड पडू नये, हा सगळा खटाटोप त्यासाठी होता. त्या सरकारने दोन भोकं पाडली. तेल घेणाऱ्याकडून पिंपामागे गुपचूप अधिभार घेतला आणि माल पुरवणाऱ्याकडून कंत्राटाच्या किमतीतला हिस्सा परत घेतला. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या पॉल व्होल्कर यांच्या चौकशी समितीने २७ ऑक्टोबर २००५ च्या अहवालात या दोन वाटांनी गेलेली रक्कम १.८ अब्ज डॉलर धरली आणि त्यात २,२०० हून जास्त कंपन्या गुंतल्याचं नोंदवलं. शेजारच्या देशांत झालेली चोरटी तेलविक्री याहून पुष्कळ मोठी होती, पण तिचा हिशोब वेगळा आहे.

हेच प्रकरण पुन्हा पुन्हा सांगतो, कारण यातला कागद न् कागद उघड्यावर आला. इतकं आतलं चित्र दुसऱ्या प्रकरणात क्वचितच बघायला मिळतं.

२. गहू विकणाऱ्या कंपनीने लाच दिली कशी? गव्हात काय खायचं?

गव्हात नाही, गव्हाच्या भाड्यात.

ऑस्ट्रेलियाच्या गव्हाची निर्यात एकट्या एडब्ल्यूबी या कंपनीच्या हातात होती. ती आधी सरकारी मंडळ होती आणि १९९९ मध्ये शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी झाली. त्याच वर्षी इराकच्या धान्य मंडळाने नवी अट घातली: उम्म कस्र बंदरापासून देशभर गहू पोचवण्याचं भाडं विक्रेत्याने भरायचं, आणि ते जॉर्डनमधल्या अलिया नावाच्या वाहतूक कंपनीला द्यायचं. सुरुवातीला दर टनामागे १२ डॉलर होता. पुढे त्यात ‘विक्रीनंतरची सेवा’ म्हणून १० टक्के मिसळले आणि आकडा वाढत वाढत टनामागे ५० डॉलरच्या घरात गेला.

अलियाने एक पोतंही हलवलं नाही. गहू इराकी यंत्रणाच वाहून नेत होती. अलियात इराकच्या वाहतूक मंत्रालयाचा ४९ टक्के वाटा होता. आपलं किरकोळ कमिशन कापून ती बाकीचे पैसे बगदादला पाठवत असे. एडब्ल्यूबीने अशा प्रकारे २२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली, आणि ती स्वतःच्या खिशातून नव्हे. तेवढीच गव्हाची किंमत वाढवून संयुक्त राष्ट्रांच्या त्या खात्यातून ती वसूल केली गेली. म्हणजे इराकी लोकांच्या अन्नासाठी राखलेला पैसा गव्हाच्या बिलातून बाहेर पडून त्यांच्याच हुकूमशहाच्या तिजोरीत गेला.

लासलगावला किंवा पिंपळगावला माल घातलेल्या माणसाला हे दोन ओळींत समजतं. हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई कापलेली असते आणि आपण वादही घालतो, पण निदान हमाल समोर उभा असतो. इथे हमालच नव्हता.

मार्च २००३ मध्ये इराकवर झालेल्या हल्ल्यात ऑस्ट्रेलियाचं सैन्यही होतं. आपल्याच गव्हाच्या कंपनीने ज्याला डॉलर पोचवले त्याच राजवटीवर आपली पोरं चालून गेली, हे कळल्यावर तिथे किती गदारोळ झाला असेल याची कल्पना करा.

३. मग इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

आलं होतं, हीच तर गंमत. २००० च्या सुरुवातीलाच कॅनडाने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की इराक आपल्याकडून टनामागे जादा डॉलर मागतोय आणि ऑस्ट्रेलियावाले ते देतात असंही सांगतोय. संयुक्त राष्ट्रांनी ऑस्ट्रेलियाच्या शिष्टमंडळाला विचारलं, त्यांनी कंपनीला विचारलं, कंपनी म्हणाली असं काही नाही, आणि फाइल बंद झाली. ज्याच्यावर संशय त्यालाच विचारून तपास संपवायचा, ही पद्धत आपल्यालाही परकी नाही.

दुसरं कारण असं की कंत्राटं तपासणाऱ्या समितीचं सगळं लक्ष शस्त्रांवर होतं. पंपाचा एखादा भाग क्षेपणास्त्राला वापरता येईल का, यावर कंत्राटं महिनोन् महिने अडत. किंमत फुगली आहे, या कारणासाठी मात्र ती अडत नसत.

राजवट पडल्यावर बगदादच्या मंत्रालयांतले कागद बाहेर आले. जानेवारी २००४ मध्ये ‘अल-मदा’ या बगदादच्या दैनिकाने तेलाची कुपनं, म्हणजे तेल उचलण्याच्या हक्काच्या चिठ्ठ्या, मिळालेल्यांची यादी छापली. त्याच वर्षी व्होल्कर समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर ऑस्ट्रेलियात टेरेन्स कोल यांचा चौकशी आयोग बसला आणि त्याने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. पैसे घेणाऱ्याने नोंदी नीट ठेवल्या होत्या, म्हणून देणारा सापडला. तपासाला बसताना हे ध्यानात ठेवा: देणाऱ्याचं दप्तर साफसूफ असतं, घेणाऱ्याचं बहुधा नसतं.

४. यात भारताचं नाव कुठे आलं?

व्होल्कर अहवालाच्या जोडयाद्यांत. त्यावेळचे परराष्ट्रमंत्री नटवर सिंह आणि काँग्रेस पक्ष यांची नावं कंत्राटाबाहेरचे लाभार्थी म्हणून आली. नोव्हेंबर २००५ मध्ये नटवर सिंह यांचं खातं गेलं, डिसेंबरमध्ये मंत्रिपदही गेलं. न्यायमूर्ती आर. एस. पाठक यांच्या चौकशीने ऑगस्ट २००६ मध्ये म्हटलं की त्यांच्या शिफारसपत्रांचा कंत्राटं मिळवायला उपयोग झाला, पण त्यांना स्वतःला पैसे मिळाल्याचा पुरावा नाही. पक्षालाही चौकशीने दोषमुक्त केलं. याशिवाय माल पुरवणाऱ्यांच्या यादीत अनेक भारतीय कंपन्या होत्या. त्यांच्याबद्दल आपल्याकडे बोलणंच झालं नाही. मंत्र्याच्या बातमीने कंपन्यांची बातमी खाल्ली.

५. आम्ही द्राक्षं आणि कांदा पाठवतो. आमचा या भानगडीशी काय संबंध?

लढाई सुरू झाली की सगळ्यात आधी भाडं बदलतं. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. निफाड-दिंडोरीच्या पॅकहाउसमधून निघालेली द्राक्षं रीफरमध्ये (थंड कंटेनरमध्ये) जास्त दिवस राहिली आणि बिलावर युद्ध-जोखीम अधिभार, आणीबाणी अधिभार अशा नव्या ओळी आल्या. त्या ओळी खऱ्या होत्या. अडचण अशी की अशा पाच खऱ्या ओळींच्या गर्दीत सहावी खोटी ओळ कुणाला खुपत नाही. युद्ध जादा खर्चाला आयतं निमित्त पुरवतं, आणि ‘सध्या परिस्थितीच तशी आहे’ म्हटलं की अकाउंट्सवाला पुढे काही विचारत नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. व्हॉल्व्ह, बेअरिंग, सर्किट असलेला माल कुणाच्या हाती पडतो यावर जगाची नजर असते. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

६. माझ्यासमोर फाइल ठेवली. पहिल्यांदा काय बघू?

खर्चाच्या ओळी. मालाची किंमत नंतर.

नमुना म्हणून सतत दिसणारा एक संच घ्या: इनव्हॉइस, शिपिंग बिल (कस्टमला दिलेलं निर्यातीचं घोषणापत्र), बिल ऑफ लॅडिंग (माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती), बँकेत पैसे आल्याचा दाखला आणि कंपनीच्या वहीतली खर्चाची नोंद. शिपिंग बिलात एफओबी किंमत (माल जहाजावर चढवेपर्यंतची), भाडं, विमा, सवलत आणि कमिशन यांचे रकाने वेगवेगळे असतात. कमिशनच्या रकान्यात शून्य आहे आणि वहीत मात्र तीन महिन्यांनी परदेशातल्या कुणाला तरी ‘लॉजिस्टिक सपोर्ट’ म्हणून पैसे गेलेत, असं दिसलं की पेन्सिलीने गोल करा. तो गोल म्हणजे आरोप नव्हे, प्रश्न आहे.

मग त्या ओळीला विचारा: हे काम खरंच कुणी केलं का? ट्रकचं भाडं असेल तर ट्रकचा नंबर, पोच, गेटपास कुठे? काम करणाऱ्याकडे ट्रक आहेत का? पैसे कुठल्या देशातल्या खात्यात गेले, आणि तो देश मालाच्या वाटेवर येतो का? ‘सेवा’ म्हणून दिलेली रक्कम कंत्राटाच्या नेमक्या १० टक्के असेल तर जास्तच खोदा. खरा खर्च ओबडधोबड असतो. डिझेल, ट्रक थांबल्याचे पैसे, रात्रीचं जादा भाडं, असं सगळं मिळून आकडा कधीच गोल येत नाही. टक्केवारी मात्र नेमकी बसते.

कंत्राटाची आवृत्ती कधी बदलली तेही बघा. माल तोच, गिऱ्हाईक तेच, आणि अचानक ‘पोच गोदामापर्यंत’ अशी अट घुसली, किंमतही त्याच प्रमाणात चढली, तर अट कुणी घातली आणि त्या आठवड्यात कुणाच्या मेल झाल्या ते शोधायचं. एडब्ल्यूबीचं सगळं प्रकरण अशाच एका अटीपासून सुरू झालं (प्रश्न २).

युद्ध-जोखीम अधिभार खरा की खोटा हे ठरवणं सोपं आहे. शिपिंग लाइन आपले अधिभार तारखेसह जाहीर करतात, आणि कुठला सागरी भाग धोक्याचा धरायचा याची यादी लंडनच्या विमा बाजारातली संयुक्त युद्ध समिती काढते. जहाज त्या भागातून गेलंच नसेल तर ती ओळ कशाची, असं विचारायला तुम्ही मोकळे आहात.

७. किंमत फुगवली आहे हे सिद्ध कसं करायचं? भाव तर रोज बदलतात.

एका मालाच्या एका दिवसाच्या भावावरून काही सिद्ध होत नाही. त्याच महिन्यात तोच माल त्याच देशाला इतरांनी कितीला विकला, त्याची सरासरी काढा. भारतापुरते आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, तर जगाचे संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेडवर फुकट मिळतात. दोन देशांचे आकडेही समोरासमोर ठेवा, म्हणजे आपण पाठवलं म्हणतो ते आणि त्यांनी घेतलं म्हणतात ते. फरक दिसला म्हणून लगेच उड्या मारू नका. पाठवणारा एफओबी धरतो आणि घेणारा भाडं-विम्यासकट धरतो, त्यामुळे थोडा फरक असायचाच.

८. सर, सगळे कागद एकमेकांशी जुळतात, एलसीही बँकेने पास केली. मग प्रश्नच मिटला ना?

नाही. एलसी म्हणजे ठरलेले कागद मिळाले की पैसे देण्याची बँकेची हमी. तिचा जगभरचा नियम असा आहे की बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नाही. मी स्वतः त्या टेबलावर बसलो आहे. तारीख, स्पेलिंग, सही-शिक्का आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचो. उम्म कस्रला कुणाचा ट्रक उभा होता हे बघणं आमचं काम नव्हतं. एडब्ल्यूबीचे कागदही जुळत होतेच. इतके छान जुळतात म्हणूनच कधीकधी शंका घ्यावी.

९. जहाज खरंच तिथे गेलं का, हे नाशिकमध्ये बसून कळतं?

बऱ्यापैकी कळतं. जहाजाचं नाव आणि झेंडा बदलता येतो, पण आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. बिल ऑफ लॅडिंगवर नाव असतं, त्यावरून क्रमांक शोधा आणि जहाजांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाका.

क्रमांक खरा वाटतो का, हे पेन घेऊन तपासता येतं. सात आकडे असतात. पहिल्या सहांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. समजा ९०७४७२९ हा क्रमांक आहे. ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४ यांची बेरीज १३९. शेवटी ९ आला, सातवा आकडाही ९. जुळला. बनावट कागद करणारे नाव छान टाकतात आणि इथे फसतात.

मर्यादाही आहे. जहाजाची स्थिती सांगणारं यंत्र बंद करता येतं, चुकीची जागाही दाखवता येते. युद्धाच्या भागात तर सुरक्षिततेसाठीही ते बंद ठेवतात. म्हणून ‘यंत्र बंद होतं’ हा पुरावा नव्हे. त्या काळात जहाजाची बुडालेली पातळी बदलली का, म्हणजे माल चढला-उतरला का, हे पाहिलं तर काहीतरी हाती लागतं.

१०. एजंटला कमिशन देणं म्हणजे लाच का? मग धंदा करायचा कसा?

कमिशन देणं कायदेशीर आहे. निर्यातीत ते सर्रास देतात आणि ते शिपिंग बिलावर दाखवायची सोयही आहे. फरक तीन गोष्टींत पडतो. ते दाखवलं आहे का, एजंटने गिऱ्हाईक शोधणं किंवा माल सोडवणं असं काही दाखवण्याजोगं काम केलं आहे का, आणि गिऱ्हाइकाच्या मालकाला किंवा त्या सरकारला हे कमिशन माहीत आहे का. गिऱ्हाइकानेच ‘अमुकच एजंट ठेवा’ म्हणून नाव दिलं असेल तर सावध व्हा. अलियाचं नाव इराकनेच सुचवलं होतं.

११. पेमेंट दुबईच्या पार्टीने केलं, माल रशियाला गेला. अमेरिकेने बंदी घातलीय म्हणतात. आम्ही गुन्हेगार झालो का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. सुरक्षा परिषदेचे निर्बंध भारतात १९४७ च्या कायद्याखाली लागू होतात आणि ते मोडणं आपल्याकडे गुन्हा ठरतो. अमेरिका किंवा युरोपचे एकतर्फी निर्बंध हा भारताचा कायदा नाही. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेने रशियाला मदत केल्याबद्दल जवळपास ४०० जणांवर निर्बंध टाकले. त्यांत १९ भारतीय कंपन्या होत्या. परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा म्हटलं की आमच्या समजुतीप्रमाणे या व्यवहारांनी भारतीय कायदा मोडलेला नाही.

म्हणजे तुरुंगाची भीती कमी. पण डॉलरचं खातं, शिपिंग लाइन आणि युरोपातलं गिऱ्हाईक एकदमच पाठ फिरवतात, आणि त्यावर इथल्या कोर्टात दाद मागता येत नाही. माल ‘स्कोमेट’ यादीतला, म्हणजे लष्करी उपयोगाचाही असेल तर मात्र भारताचाच परवाना लागतो आणि तो चुकवणं भारतीय गुन्हा आहे.

तिसऱ्याने पैसे देणं आपोआप बेकायदा होत नाही. ठराविक अटींवर ते चालतं, पण बँकेला आधी सांगा आणि करारात लिहा. जुलै २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापाराचा हिशोब रुपयांत करायचीही वाट दिली आहे. पैशाची वाट आणि मालाची वाट वेगळी का, याचं एका वाक्यात उत्तर देता येत नसेल तर ऑर्डर सोडा.

१२. लाच परदेशी अधिकाऱ्याला दिली. भारतात गुन्हा कुठला लागतो?

हा प्रश्न वकिलांनाही घाम फोडतो. आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा इथल्या लोकसेवकांभोवती फिरतो. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणारा आणि लाच देणारी कंपनी त्यात नीट आली, पण लोकसेवक इथलाच. परदेशी अधिकाऱ्यांच्या लाचेसाठी २०११ मध्ये वेगळं विधेयक आलं होतं, ते मंजूर झालंच नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार मात्र त्याच वर्षी मान्य केला आहे.

म्हणून तपास आडवाटेने जातो. खोटं कारण सांगून परदेशात पैसे पाठवले म्हणून फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा), ज्यात दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. खोटी घोषणा केली म्हणून कस्टम कायदा. खोटे हिशेब लिहिले म्हणून कंपनी कायद्याचं कलम ४४७. आणि २०२२ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केलं आहे की परदेशातल्या कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या कामावर केलेला खर्च आयकरात वजा मिळत नाही.

अमेरिकेलाही असंच अडखळावं लागलं. इराक प्रकरणात पैसा कुणा अधिकाऱ्याच्या खिशात नव्हे तर थेट सरकारच्या खात्यात गेला होता, आणि त्यांचा लाचविरोधी कायदा अधिकाऱ्याला दिलेल्या लाचेचा आहे. म्हणून बऱ्याच कंपन्यांवर लाचेऐवजी खोट्या हिशेबांचा ठपका ठेवला गेला. लाचेला वहीत ‘भाडं’ लिहिलं, त्या एका शब्दावर दंड बसले.

१३. युद्धभागात नाक्यानाक्यावर बंदुकधारी पैसे मागतात. जीव वाचवायला दिले तर तीही लाच?

जीव वाचवायला दिलेली खंडणी आणि धंदा चालू ठेवायला केलेला करार यांत फरक आहे, आणि तपासात सगळा जोर त्यावरच असतो. फ्रेंच सिमेंट कंपनी लाफार्जचा सीरियात जलाबिया इथे कारखाना होता. तिने २०१३-१४ मध्ये मध्यस्थांमार्फत इसिसला पैसे दिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकन कोर्टात गुन्हा कबूल करून सुमारे ७८ कोटी डॉलर भरले. ‘नाक्यावर दिले’ एवढ्यावर ते थांबलं नव्हतं. विकल्या गेलेल्या सिमेंटच्या प्रमाणात वाटा ठरला होता आणि तुर्कस्तानातून येणाऱ्या स्पर्धकांच्या सिमेंटला त्रास व्हावा अशीही अपेक्षा होती. वरिष्ठ मंडळी हे कंपनीच्या नव्हे, खासगी मेलवरून बोलत होती. खंडणी देणारा त्याच दिवशी वर कळवतो. भागीदार मेलचा पत्ता बदलतो.

१४. आरटीआय टाकला की सगळं मिळेल का?

खासगी कंपनीला आरटीआय लागू नाही. कस्टमकडून व्यापारी गुपित म्हणून नकार येतो. ईडी आणि डीआरआय (महसूल गुप्तचर संचालनालय) यांना कलम २४ ने सूट आहे, भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असलेली माहिती तेवढी मागता येते, पण त्यासाठी अर्जात तो आरोप नेमका लिहावा लागतो. त्यापेक्षा कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून ताळेबंद, संचालकांची यादी आणि कर्जाच्या नोंदी काढा. ताळेबंदात संबंधित पक्षांशी (संचालक, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या दुसऱ्या कंपन्या) झालेल्या व्यवहारांची टीप असते, तिथून सुरुवात करा.

१५. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मला अशी नोंद दिसलीय. नाव सांगत नाही. काय करू?

घाईने कुणाला फॉरवर्ड करू नका. तुमच्या कामाचा भाग म्हणून जे तुमच्या डोळ्यांखालून जातं त्याची तारीखवार टिपणं ठेवा. दुसऱ्याच्या लॉगिनमधून काही काढू नका, कारण मग चर्चा घोटाळ्याची न होता तुमच्या चोरीची होते. नोंद बदलायला सांगितली तर सूचना लेखी मागा: ‘सर, हे कुठल्या हेडला टाकायचं, मेलवर सांगता का?’ यात काहीच उद्धट नाही.

कंपनी शेअर बाजारात असेल किंवा तिच्यावर बँकांचं ५० कोटींहून जास्त कर्ज असेल तर आत तक्रारीची व्यवस्था असणं बंधनकारक आहे. ऑडिटरला सांगण्याचाही उपयोग होतो: आलेल्या तक्रारी विचारात घेतल्या का, हे त्याला अहवालात लिहावं लागतं, आणि एक कोटी किंवा त्याहून मोठी फसवणूक दिसली तर केंद्र सरकारला कळवावं लागतं.

संरक्षणाबद्दल भ्रमात राहू नका. २०१४ चा जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा मंजूर झाला पण लागू झालेला नाही, आणि त्याचा रोख सरकारी सेवकांवर आहे. खासगी कंपनीतल्या माणसाला तो उभा करत नाही. घरी हप्ते चालू असतील तर आधी वकिलाशी बोला, मग पत्रकाराशी. पत्रकार असूनही आमचे मित्र हाच क्रम सांगतात.

१६. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट कोर्टात चालतात का?

नुसते स्क्रीनशॉट सहज उडवले जातात. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावं लागतं. मूळ फोन जपून ठेवा, चॅट एक्स्पोर्ट करा, फाइलचं नावसुद्धा बदलू नका.

१७. कंपनी म्हणते, हे वकिलाशी झालेलं बोलणं आहे, दाखवणार नाही. मग?

वकील-अशिलातली गुप्तता खरी आहे आणि ती असायला हवी. पण वकिलाला सीसी केलं म्हणून प्रत्येक मेल पवित्र होत नाही. एडब्ल्यूबीनेही कोल आयोगापुढे हाच पवित्रा घेतला आणि वाद ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात गेला. गुन्हा पुढे रेटण्यासाठी घेतलेला सल्ला गुप्ततेत बसत नाही, हे तत्त्व आपल्याकडेही आहे. ते लागू होतं की नाही, हे ठरवायचं काम कोर्टाचं.

१८. एवढं सगळं झाल्यावर आत कोण गेलं?

एडब्ल्यूबी प्रकरणात कुणीच नाही. कोल आयोगाने १२ जणांवर कारवाईचा विचार व्हावा असं सुचवलं. पोलिसांचा फौजदारी तपास २००९ मध्ये बंद झाला. दिवाणी दाव्यांत माजी प्रमुखाला २०१२ मध्ये एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, माजी अध्यक्षाचा निकाल लागायला तर आणखी पाच वर्षं गेली. कंपनीची गहू निर्यातीतली मक्तेदारी २००८ मध्ये संपली. दंड भरणारे दोन-चार जण होते, पण शेअर घसरले ते हजारो गहू-शेतकऱ्यांचे.

१९. आमच्याकडे बातमी तयार आहे. छापायच्या आधी कंपनीला विचारायचं का? सावध होतील ना!

विचारायचंच, आणि लेखी. कंपनीला सगळी फाइल दाखवायची गरज नाही. तारीख, रक्कम, कुणाला दिली आणि काय म्हणून दिली, एवढे नेमके प्रश्न पाठवा आणि उत्तराला कामाचे काही दिवस द्या. शनिवारी रात्री मेल करून रविवारी ‘प्रतिसाद मिळाला नाही’ छापणं कोर्टात महागात पडतं. विचारण्याआधी आपल्या प्रती दोन ठिकाणी ठेवलेल्या असाव्यात आणि माहिती देणारा ओळखू येईल असा एकही प्रश्न यादीत नसावा: एखादी नोंद फक्त तिघांनाच दिसत असेल, तर तो प्रश्न दुसऱ्या कागदावरून विचारता येतो का ते आधी बघा.